टाळ्या थांबल्यानंतरची मजुरी

व्यावसायिक कुस्तीची रिंग टीव्हीवर गादीसारखी मऊ दिसते. प्रत्यक्षात खाली लोखंडी तुळया असतात, त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि सगळ्यांवर ताणून बांधलेलं कॅनव्हास. त्यावर पाठीवर कसं पडायचं, हे नवख्याला सगळ्यात आधी शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही, आणि दोन्ही हात पसरून जमिनीवर सपाट मारायचे म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. मोठा आवाज येतो, प्रेक्षक हळहळतात. धक्का वाटला गेला तरी नाहीसा होत नाही. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, पण आठवड्याला चार-पाच रात्री असं पडत राहणाऱ्या मणक्याला ते ठाऊक नसतं.

डॅरन ॲरोनॉफ्स्कीचा ‘द रेसलर’ हा २००८ सालचा चित्रपट याच मणक्याबद्दल आहे. वय झालेल्या खेळाडूवर चित्रपट कमी झालेले नाहीत. बहुतेकांत एक शेवटचा सामना असतो, त्याआधी घामाघूम सराव असतो आणि शेवटी हार झाली तरी मान परत मिळतो. ‘द रेसलर’मध्येही शेवटचा सामना आहे. पण या चित्रपटाची खरी नजर दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांवर आहे. भाडं थकलंय, हातात ताकदीशिवाय दुसरं भांडवल नाही आणि ती ताकदही ओसरत चालली आहे, अशा माणसाचा मंगळवार किंवा बुधवार कसा जातो, हे तो दाखवतो. म्हणून खेळापेक्षाही श्रमावरचा चित्रपट म्हणून तो पाहावा.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीत वर्तमानपत्रांची कात्रणं, पोस्टरं आणि समालोचकांचे आरडाओरडा करणारे आवाज एकामागून एक येतात. ऐंशीच्या दशकात रँडी ‘द रॅम’ रॉबिन्सन हा मोठा तारा होता, एवढं त्यातून कळतं. मग पडद्यावर अक्षरं उमटतात : वीस वर्षांनंतर. एका शाळेतली लहान मुलांची वर्गखोली, आजूबाजूला खेळणी, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीत बसलेला, खोकणारा एक धिप्पाड माणूस. शाळेच्या हॉलमधला कार्यक्रम नुकताच आटोपलेला असतो. आयोजक त्याच्या हातात थोड्या नोटा ठेवतो आणि गर्दी कमी होती म्हणून ओशाळतो. रँडी त्या घेतो, वाद घालत नाही. घरी पोचतो तर ट्रेलरला मालकाने कुलूप लावलेलं. मग गाडीतच गोळ्या, बिअर आणि झोप.

त्याचा चेहरा मात्र बराच वेळ दिसतच नाही. कॅमेरा त्याच्या पाठीमागून चालत राहतो. दिसतात ते रंगवलेले पिवळे केस, रुंद खांदे, चालण्यातला किंचित लंगडेपणा, कानामागचं श्रवणयंत्र. छायाचित्रण मारीझ अल्बर्टी यांचं. त्या माहितीपटांच्या क्षेत्रात मुरलेल्या. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने १६ मिलिमीटर फिल्मवर केलेल्या या चित्रणात माहितीपटाचा खरखरीतपणा आहे. आधीच्या ‘रिक्वियम फॉर अ ड्रीम’मध्ये ॲरोनॉफ्स्कीने झपाझप तुकडे जोडणारी, डोकं गरगरवणारी संकलनशैली वापरली होती. इथे त्याने ती सगळी बाजूला ठेवली आणि एका माणसाच्या मागे चालत राहायचं ठरवलं. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

रँडी आठवडाभर सुपरमार्केटमध्ये हमाली करतो. जास्त तास द्या म्हणून व्यवस्थापकाकडे गेला की त्याच्या कुस्तीच्या चड्डीवरून टोमणे ऐकतो. शनिवार-रविवार लढतो. आणि लढण्यासाठी जी तयारी करतो, ती चित्रपट ज्या बारकाईने दाखवतो, तिला तोड नाही. केस ब्लीच करून घ्यायला तो सलूनमध्ये जातो. कातडी तांबूस दिसावी म्हणून टॅनिंगच्या यंत्रात पडून राहतो. व्यायामशाळेत एका तगड्या पोराकडून स्टेरॉइडच्या कुप्या आणि वेदनाशामकं विकत घेतो, वाण्याकडून किराणा घ्यावा इतक्या सहजपणे. स्वस्त वस्तूंच्या दुकानात केकचे पत्रे डोक्यावर आपटून पाहतो, आवाज चांगला कशाचा येतो आणि लागतं कशाने कमी. मनगटाला पट्टी गुंडाळताना ब्लेडचा बारीक तुकडा आत दडवतो. सामन्यात पडलेला असताना तो तुकडा हळूच काढून कपाळ चिरायचं. घामात मिसळलं की थोडं रक्तही पुष्कळ दिसतं.

कपडेपटातली दृश्यं तर एखाद्या कारखान्याच्या पाळीसारखी आहेत. रिंगमध्ये एकमेकांचा गळा धरणारी पोरं इथे पाठीला पाठ लावून ताण देतात, कुठला डाव कधी टाकायचा ते ठरवतात, जुन्या माणसाला आदराने नमस्कार करतात. त्यांतले बरेच जण खरे मल्ल आहेत. सामन्यांचं चित्रण प्रत्यक्ष कुस्ती संस्थांच्या कार्यक्रमांत, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर झालं. नेक्रो बुचर हा ‘हार्डकोअर’ प्रकारातला मल्ल पडद्यावर स्वतःच्याच नावाने येतो. त्याची आणि रँडीची लढत काटेरी तार, काचा आणि अंगात स्टेपल मारणारी बंदूक घेऊन होते. ही लढत चित्रपट उलट्या क्रमाने सांगतो. आधी दिसतं ते मागच्या खोलीत डॉक्टर एकेक स्टेपल, एकेक काच काढतो आहे. मग दृश्य मागे जातं आणि ती जखम कशी झाली ते कळतं. प्रेक्षकाला लढतीची मजा घ्यायला वेळच मिळत नाही, कारण तिची किंमत त्याला आधीच समजलेली असते. त्याच रात्री रँडी कपडेपटात कोसळतो. हृदयविकाराचा झटका, बायपास आणि डॉक्टरांचं स्पष्ट सांगणं : स्टेरॉइड बंद, कुस्ती बंद.

ही वैद्यकीय बाजू पटकथाकार रॉबर्ट सीगलने हवेतून आणलेली नाही. ॲनाबॉलिक स्टेरॉइडने स्नायू वाढतात, आणि हृदय हाही स्नायूच. त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, ताठर होते. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं, धमन्या लवकर चोंदतात. त्यावर वर्षानुवर्षं वेदनाशामकं, मद्य आणि रोजचा प्रवास. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या अमेरिकी मल्लांची मृत्यूची वयं पाहिली तरी पुरे. रिक रूड १९९९मध्ये ४०व्या वर्षी गेला. ब्रिटिश बुलडॉग म्हणून गाजलेला डेव्ही बॉय स्मिथ २००२मध्ये ३९व्या वर्षी, ‘मिस्टर परफेक्ट’ कर्ट हेनिग २००३मध्ये ४४व्या, एडी गरेरो २००५मध्ये ३८व्या. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड खेळलेल्या मराठी वाचकांना यांतली काही नावं उंची, वजन आणि क्रमवारीसकट पाठ असतील. त्या पत्त्यांवर वय नसायचं.

गरेरोच्या मृत्यूनंतर, २००६मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूईने (डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीचंच हे नंतरचं नाव) मल्लांची उत्तेजक द्रव्यांची आणि हृदयाची तपासणी नियमित सुरू केली. तोवर दोन पिढ्या खर्ची पडल्या होत्या. त्यामागे एक कायदेशीर गोष्ट आहे आणि ती चित्रपटाच्या भूगोलाशी जुळते. अमेरिकेत मल्ल हा कंपनीचा कर्मचारी मानला जात नाही. तो स्वतंत्र कंत्राटदार असतो. आरोग्य विमा, भविष्यनिर्वाह, निवृत्तिवेतन हे सगळं त्याचं त्यानं पाहायचं. आणि १९८९च्या सुरुवातीला न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या बाजूने सांगण्यात आलं की ही कुस्ती म्हणजे स्पर्धा नाही, करमणूक आहे. निकाल ठरलेले असतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण हा धंदा ते उघडपणे कबूल करत नसे. कबुलीमागचा हेतू व्यावहारिक होता. खेळ नाही म्हटलं की मुष्टियुद्धाला लागू असलेले परवाने, सामन्याआधीची वैद्यकीय तपासणी आणि प्रक्षेपणावरचा कर यांतून सुटका होते. ‘द रेसलर’ घडतो तो न्यू जर्सीतच, आणि रँडीची सर्वांत मोठी लढतही १९८९ची. हा योगायोग असेल. पण ज्या साली त्याच्या कारकिर्दीचा कळस झाला, त्याच साली त्याच्या राज्यात या धंद्याने मल्लाच्या तपासणीचं बंधन नको म्हटलं, हे एकदा कळलं की बायपासनंतरचं त्याचं एकटं घरी परतणं अधिक बोचतं.

रँडीच्या भूमिकेसाठी ॲरोनॉफ्स्कीला मिकी रूर्कच हवा होता. पैसे लावणाऱ्यांना तो नको होता. काही काळ निकोलस केजचं नाव पुढे आलं, केज बाजूला झाला, आणि साधारण ६० लाख डॉलर एवढ्या, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ, पैशांत चित्रपट उभा राहिला. रूर्कबद्दलची धास्ती समजण्यासारखी होती. ‘डायनर’, ‘रंबल फिश’, ‘एंजल हार्ट’, ‘बारफ्लाय’ अशा चित्रपटांनी ऐंशीच्या दशकात तो देखणा आणि धोकादायक नट म्हणून गाजला होता. १९९१मध्ये अभिनय सोडून तो व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला. तरुणपणी मायामीत त्याने हौशी लढती खेळल्या होत्या, पण आता वय चाळिशीला आलेलं. तीन-एक वर्षांत त्याने आठ लढती दिल्या, हरला एकही नाही, पण नाक, गालाची हाडं फुटली, शस्त्रक्रिया झाल्या आणि ओळखीचा चेहरा गेला. हॉलिवूडनेही पाठ फिरवली. २००५च्या ‘सिन सिटी’त तो दिसला तो जाड रंगभूषेखाली.

‘द रेसलर’च्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा होता. महिनोन्‌महिने वजन उचलून त्याने शरीर फुगवलं. जुन्या काळच्या ‘वाइल्ड सामोअन्स’ जोडीतल्या आफा अनोआईकडून कुस्ती शिकला. अनेक संवादांना त्याने स्वतःची भाषा दिली. यामुळे रूर्क स्वतःचंच आयुष्य जगला, अभिनय केला नाही, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. हा त्याच्यावर अन्याय आहे. तुटलेला चेहरा त्याला आयता मिळाला हे खरं. पण रँडीचा गोडवा, शेजारच्या पोराला जुन्या व्हिडिओ गेममध्ये हरवायला आसुसलेलं त्याचं पोरपण, नकार ऐकताना खाली जाणारी नजर, ही सगळी कमावलेल्या नटाची कामं आहेत. त्या व्हिडिओ गेममध्ये रँडी स्वतः एक पात्र आहे. पोरगा थोडा वेळ खेळतो आणि नव्या युद्धाच्या गेमबद्दल बोलू लागतो. रँडीला त्या गेमचं नावही ऐकू येत नाही नीट.

थकलेल्या लढवय्याच्या या विषयावर ‘द रेसलर’आधी दोन थोर कलाकृती झाल्या होत्या. रॉड सर्लिंगने १९५६मध्ये दूरचित्रवाणीसाठी ‘रिक्वियम फॉर अ हेवीवेट’ लिहिलं, १९६२मध्ये त्याचा चित्रपट झाला. अँथनी क्विनने रंगवलेला माउंटन रिव्हेरा हा थकलेला मुष्टियोद्धा सुरुवातीलाच हरतो, आणि समोरचा तरुण असतो कॅशियस क्ले, पुढचा मुहम्मद अली. रिव्हेराचं अधःपतन चित्रपट कशातून दाखवतो? त्याला शेवटी रेड इंडियनाचा वेश घालून ठरलेल्या निकालाच्या कुस्तीत उतरावं लागतं. खऱ्या लढवय्याला याहून मोठी विटंबना नाही, असं सर्लिंग मानतो. जी जागा रिव्हेराला नरक वाटते, तीच रँडीचं घर आहे. पन्नास वर्षांत चित्रपटांची नजर किती बदलली, हे या दोघांना शेजारी ठेवल्यावर दिसतं. ॲरोनॉफ्स्की ठरलेल्या निकालाला हसत नाही, त्यामागची कारागिरी आणि वेदना मोजतो.

दुसरी कलाकृती जॉन ह्यूस्टनची ‘फॅट सिटी’, १९७२ची. लेनर्ड गार्डनरच्या कादंबरीवरून, त्यानेच लिहिलेली. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी स्टेसी कीचचा बिली टली तिशीच्या आसपासच संपलेला असतो, शेतात कांदे आणि अक्रोड वेचायला जातो. त्याचा प्रतिस्पर्धी लुसेरो एकटाच बसमधून उतरतो, लढतीआधी त्याच्या लघवीतून रक्त जातं, आणि हरून तो तसाच एकटा, नीट सूट घालून निघून जातो. लुसेरो पडद्यावर मोजका वेळ आहे, पण खेळावरच्या चित्रपटांत त्याच्याइतका लक्षात राहणारा पराभूत सापडणं कठीण. ‘फॅट सिटी’ आणि ‘द रेसलर’ यांच्यात नातं आहे ते मजुरीचं. दोन्हींत माणूस शेतात किंवा दुकानात राबतो, आणि रिंग ही त्याच मजुरीची जरा उजेडातली पाळी असते.

ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर आलेला मार्टिन स्कोर्सेसीचा ‘रेजिंग बुल’ शैलीत या सगळ्यांहून मोठा आहे, पण त्याला ध्यास आहे तो जेक लामोटाच्या आतल्या हिंसेचा. वय हा तिथला मुख्य विषय नाही.

भारतातही रँडीच्या कुस्तीसारख्या व्यावसायिक कुस्तीचा काळ येऊन गेला. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँगच्या ‘फ्री-स्टाईल’ लढती बघायला झुंबड उडायची. १९६८मध्ये दारासिंगने मुंबईतच अमेरिकी विजेता लू थेझ याला हरवलं. पण दारासिंगला दुसरा दरवाजा उघडा होता. चित्रपटांत तो आधीच नायक झाला होता, आणि १९८३मध्ये कुस्तीतून निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी दूरदर्शनच्या ‘रामायण’मधला हनुमान म्हणून घराघरांत पुन्हा पोचला. मातीतल्या आणि मॅटवरच्या खऱ्या कुस्तीची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी अशा मल्लांना सरकारकडून मानधन मिळतं. ते पुरेसं आहे का, हा वाद तालमींमध्ये कायम चालतो. पण लढून झालेल्या शरीराचा सांभाळ समाजाने करायचा, हे तत्त्व तरी तिथे मान्य आहे. रँडीच्या जगात ते तत्त्वच नाही. एका दृश्यात जुने तारे एका सभागृहात टेबलं मांडून सह्या आणि फोटो विकायला बसतात. गिऱ्हाईक तुरळक. रँडी शेजारी पाहतो : एकाच्या पायाला लघवीची पिशवी बांधलेली, एक चाकाच्या खुर्चीत, एक बसल्या बसल्या पेंगलेला. संवाद जवळजवळ नाही. पाहणाऱ्याला हिशेब कळतो.

चित्रपटातली दुसरी कामगार आहे पॅम, मरिसा टोमेईने केलेली. ती क्लबमध्ये ‘कॅसिडी’ या नावाने नाचते. तिलाही गिऱ्हाइकं वयावरून हिणवतात. दोघांनाही एकेक कामाचं नाव आहे, दोघांचंही पोट शरीरावर आहे, दोघांचंही शरीर बाजाराच्या नजरेत जुनं झालंय. फरक असा की पॅमला घरी मुलगा आहे आणि ती बाहेर पडायच्या तयारीत आहे. टोमेईने ही भूमिका दयेची भीक न मागता केली. तिला आणि रूर्कला, दोघांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं. रूर्कने गोल्डन ग्लोब आणि बाफ्टा जिंकले, ऑस्कर मात्र ‘मिल्क’साठी शॉन पेनकडे गेलं. त्याआधीच व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाने सुवर्णसिंह पटकावला होता.

मुलगी स्टेफनी आणि रँडी यांचा धागा त्या मानाने ओळखीचा आहे. वर्षानुवर्षं बापाने पाठ फिरवलेली, मग समुद्रकाठच्या ॲस्बरी पार्कला एक हळवी दुपार, मग त्याने विसरलेलं रात्रीचं जेवण आणि कायमचं तुटणं. स्टेफनी झालेल्या इव्हान रेचेल वुडचा राग खरा वाटतो, पण पटकथा इथे ठरलेल्या वाटेने जाते.

चित्रपटाचं हृदय आहे ते सुपरमार्केटच्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर. कुस्ती सुटल्यावर रँडी मांस कापून देण्याची, सॅलड मोजून देण्याची नोकरी पत्करतो. छातीवर ‘रॉबिन’ हे त्याचं खरं नाव, जे त्याला कधीच आवडलं नाही. पहिल्या दिवशी तो मागच्या जिन्यांवरून, बोळांमधून काउंटरकडे चालत जातो, कॅमेरा नेहमीसारखा पाठीमागे, आणि ध्वनिपट्टीवर हळूहळू प्रेक्षकांचा गजर चढत जातो, रिंगकडे निघाला असावा तसा. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला करतो आणि आवाज तुटतो. समोर गिऱ्हाईक. आश्चर्य म्हणजे तो तिथेही रमतो. बायकांना हसवतो, बटाट्याच्या सॅलडचा डबा लांबून फेकतो. लोकांना खूश करायचं हे त्याचं कौशल्य काउंटरवरही चालतं. मग एक जण त्याला ओळखतो. तुम्ही तो कुस्तीवाला ना? त्या प्रश्नाने सगळं कोसळतं. रँडी नाकारतो, मग चवताळून चालत्या कापणीयंत्रावर हात आपटतो, रक्ताळलेल्या हाताने दुकान विस्कटत निघून जातो. काउंटरची कामं त्याला हलकी वाटत होती असं नाही. ओळख पटल्यावर तो त्या एप्रनमध्ये स्वतःला दिसला, ते त्याला सोसलं नाही.

म्हणून शेवटी तो रिंगमध्ये परततो, ‘आयातोल्ला’शी वीस वर्षांनी होणाऱ्या लढतीसाठी. हा जुना वैरी आता ॲरिझोनात जुन्या गाड्या विकणारा सुखवस्तू बॉब आहे, आणि ती भूमिका अर्नेस्ट मिलर या खऱ्या मल्लाने केली आहे. त्याचं सोंग १९८४मध्ये हल्क होगनशी लढलेल्या ‘आयर्न शेक’ची आठवण करून देतं. लढत सुरू होते. रँडीची छाती भरून येते, बॉबच्या ते लक्षात येतं. तो कानाशी पुटपुटून लवकर संपवायला विनवतो. प्रतिस्पर्ध्याची ही माया हा चित्रपटातला सर्वांत सुंदर क्षण आहे : प्रेक्षक ‘मार मार’ ओरडताहेत आणि शत्रूचं सोंग घेतलेला माणूस त्याला वाचवू पाहतो आहे. रँडी ऐकत नाही. दोरांवर चढतो, उडी घेतो आणि पडदा काळा होतो. तो मेला की वाचला हे दिग्दर्शक सांगत नाही, आणि हे योग्यच आहे. वाचला असता तर पुनरागमनाचा विजय झाला असता, मेला असता तर हौतात्म्य. दोन्ही खोटी ठरली असती.

त्यावर ब्रूस स्प्रिंगस्टीनचं गाणं येतं. तो न्यू जर्सीचा, रूर्कचा जुना स्नेही, आणि त्याने ते पैसे न घेता दिलं.

कुस्तीच्या धंद्याला हा चित्रपट जिव्हारी लागला, पण तो परका वाटला नाही. एप्रिल २००९मध्ये ह्यूस्टन शहरात झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या पंचविसाव्या ‘रेसलमेनिया’ कार्यक्रमात रूर्क स्वतः रिंगमध्ये चढला आणि क्रिस जेरिको या मल्लाला ठोसा लगावला. जाणकारांना रँडीत एका खऱ्या माणसाची छाया दिसली होती. बॅरी ब्लॉस्टीनच्या ‘बियाँड द मॅट’ या १९९९च्या माहितीपटात जेक ‘द स्नेक’ रॉबर्ट्स लहान गावांतल्या कार्यक्रमांत लढताना, व्यसनात बुडालेला आणि दुरावलेल्या मुलीला भेटताना अवघडलेला दिसतो. रॉबर्ट्सचं पुढे काय झालं, तेही नोंदलेलं आहे. २०१२मध्ये डायमंड डॅलस पेज या जुन्या सहकाऱ्याने त्याला अटलांटात स्वतःच्या घरी राहायला आणलं. पेजने योगावर आधारलेला व्यायामप्रकार बसवला होता, तो त्याने रॉबर्ट्सकडून करून घेतला. काही महिन्यांनी स्कॉट हॉल हा आणखी एक मोडलेला मल्ल त्याच घरात आला. रॉबर्ट्स अनेकदा घसरला, पुन्हा उभा राहिला, २०१४मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं, आणि या सगळ्यावर ‘द रिझरेक्शन ऑफ जेक द स्नेक’ हा माहितीपट २०१५मध्ये निघाला. जे काम कंत्राटात कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते एका मल्लाने दुसऱ्यासाठी आपल्या घरात केलं.